फोटोमागची बैलजोडी

मार्की नावाचा एक टॅग असतो. तो लावला की अक्षरं पडद्यावर उजवीकडून डावीकडं धावत सुटतात, लग्नाच्या मांडवातल्या लायटिंगसारखी. जगानं तो केव्हाच टाकून दिला. आमच्या अभ्यासक्रमात मात्र तो अजून धावतोय, आणि त्याच्या मागं मी धावतेय. हिंगोलीतल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर वेब डिझाइन शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढीच मी कॉलेजची. बाकीचा वेळ मी घरी असते आणि पुढच्या सत्राला बोलावतील का, याचा विचार करते.

मला शिकवायचं असतं ते वेगळंच. शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं करून भागत नाही, ते शीर्षक आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं. माउस नसला तरी नुसत्या कीबोर्डवर पान चाललं पाहिजे. पिवळ्यावर पांढरी अक्षरं काढू नयेत. आणि प्रत्येक चित्रामागं एक ओळ लिहायची असते, तिला ऑल्ट म्हणतात. ती पडद्यावर दिसत नाही, पण ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन ती मोठ्यानं वाचून दाखवतो. यातलं निम्मं अभ्यासक्रमात नाही. मी ते मधेमधे घुसवते, लेकराच्या वरणात पालक घुसवावा तसं.

"मॅडम, हे पेपरला येतं का?"

हा प्रश्न मी इतका ऐकलाय की विचारणाऱ्यानं तोंड उघडलं की मला कळतं. खोटं बोलवत नाही. नाही म्हटलं की वर्गभर पेनांना टोपणं लागल्याचा आवाज होतो. लॅबमधले अर्धे कॉम्प्युटर बंद, त्यात लाइट गेली की यूपीएस कुईकुई करत बसतो, आणि त्या गोंगाटात मी, न दिसणाऱ्या माणसाला वेबसाइट कशी ऐकू येते, ते ओरडून सांगत असते. घरी येऊन चहाचा कप हातात धरून मी भिंतीकडं बघत बसते. तेव्हा नवरा काही विचारत नाही, एवढं शहाणपण त्याला आलंय.

शेवटी मी एक युक्ती केली. ऑल्टचं एक प्रात्यक्षिकच करून टाकलं. प्रात्यक्षिक म्हटलं की जर्नल आलं, जर्नल म्हटलं की मार्क आले. उदाहरणाला माझ्याच फोनमधला पोळ्याचा एक फोटो घेतला आणि त्याच्यामागची ओळ फळ्यावर लिहून दिली: पोळ्यासाठी सजवलेली बैलजोडी. वर बजावलं, "तुमच्या फोटोत जे असेल ते लिहा. बैल नसतील तर बैल लिहू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता आमच्याकडं जर्नल कोणी लिहीत नाही, उतरवतात. वर्गात एखाद्याचं जर्नल चांगलं झालं की ते फिरायला निघतं. सेनगावच्या एसटीत चढतं, आखाडा बाळापूरला उतरतं, झेरॉक्सच्या दुकानात मुक्काम करतं आणि वेगवेगळ्या अक्षरांत माझ्या टेबलावर येऊन पडतं. मी तपासायला बसले तर एकाच्या पानावर ताजमहाल आणि ऑल्टमध्ये बैलजोडी. एकीनं बारशातला भाचा लावलेला, त्याच्याही मागं बैलजोडी. मी कपाळावर हात मारला.

"अरे, हा ताजमहाल आहे ना?"

"व्हय मॅडम."

"मग बैल कुठून आले त्यात?"

"तुमीच तर फळ्यावर लिहिले व्हते."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळी जर्नलं एकसारखी आहेत म्हणून कौतुक केलं आणि भरभरून मार्क दिले. त्यांना परतीची गाडी गाठायची होती.

तिथंच हे संपलं असतं तर मी घरी सांगून हसले असते. पण त्याच वर्षी कॉलेज तपासायला समिती येणार होती, म्हणून प्राचार्यांना नवी वेबसाइट हवी होती, आणि ती फुकटात हवी होती. ते काम बी.सी.ए.च्या द्वितीय वर्षातल्या एका पोराच्या गळ्यात पडलं. पोरगं डोंगरकड्याचं. हुशार, हाताला चपळ, आणि 'पेपरला येतं का' हे विचारण्यात सगळ्यांच्या पुढं. त्यानं आपल्या जर्नलसाठी बनवलेलंच वेबपान उचललं, रंग बदलले, नाव बदललं, फोटो बदलले आणि साइट उभी केली. फोटोमागची ओळ बदलायची तेवढी राहिली. ती कुठं कोणाला दिसत होती!

साइटवर नोटिसा चढवायचं काम परीक्षा विभागातल्या बाबूंकडं आलं. त्यांची एक ठरलेली रीत आहे. नोटीस टाइप करायची, प्रिंट काढायची, प्राचार्यांची सही घ्यायची, गोल शिक्का मारायचा, बोर्डावर लावायची, आणि मग त्या बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढून तो साइटवर टाकायचा. फोटोत काचेवर चमकणारी ट्यूबलाइटही येते. मी एकदा म्हटलं होतं, "टाइप केलेलं आहेच, तर मजकूरच टाका ना."

ते म्हणाले, "मॅडम, शिक्का दिसला न्हाई की लोक म्हणतात बनावट हाय. मागं असंच झालतं, पोरं परीक्षेलाच आली न्हाईत."

त्यांचंही खोटं नव्हतं. नवी नोटीस टाकताना ते जुनीची कॉपी करायचे आणि फक्त फोटो बदलायचे. मागचे बैल तसेच राहायचे.

ऊन तापायला लागलं होतं, वर्ग संपले होते. मी लॅबमधले माउस गोळा करून कपाटात ठेवत होते, तेवढ्यात दाराच्या चौकटीला हात लावत एक मुलगी आत आली. हातात घडी केलेली पांढरी काठी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची ही पोरगी मी कॉरिडॉरमध्ये बघितलेली, बोलणं कधी झालेलं नव्हतं. जन्मापासून दिसत नाही तिला. सेनगावकडच्या एका खेड्यातून वडिलांच्या काळी-पिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून यायची. वडील तीच जीप दिवसभर सेनगाव-हिंगोली चालवायचे.

"वेबसाइटच्या मॅडम तुमीच का?"

"हो. बस ना."

"बसायला न्हाई आले. कॉलेजच्या साइटवर सारखे बैल काहून येऊन राहिले, ते इचारायला आले."

तिनं फोन पुढं केला. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा तो स्क्रीन रीडर, त्याला ती 'माझी बाई' म्हणायची. बोट सरकलं तशी बाई बोलली, "पोळ्यासाठी सजवलेली बैलजोडी. चित्र." बोट खाली गेलं. "पोळ्यासाठी सजवलेली बैलजोडी. चित्र." आणखी खाली, पुन्हा तेच.

"एवढे बैल आमच्या अख्ख्या गावात न्हाईत," ती म्हणाली.

मला फस्सकन हसू आलं. ती हसली नाही. मग तिनं जे सांगितलं त्यानं माझंही हसू जागीच जिरलं. परीक्षेला तिला लेखनिक लागतो, म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारा आणि ती सांगेल ते लिहिणारा माणूस. त्यासाठी अर्ज करायची नोटीस लागली होती आणि मुदत परवाच संपली होती. वर्ग सुटल्यापासून ती घरी. पोरींच्या ग्रुपवर फिरला तोही फोटोच. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, परीक्षेचं कायतरी हाय. साइट उघडली तर बैल. आज कॉलेजात आल्यावर एकीनं बोर्डावरची नोटीस वाचून दाखवली, तेव्हा मुदतीचं कळलं.

"यंदा बसले न्हाई तर संपलं मॅडम," ती म्हणाली. "बापूला पुण्याला कंपनीच्या गाडीवर काम लागलंय. माझ्यासाठी थांबले ते, परीक्षा झाली की जाणार. त्यांच्यावर चिडू बी शकत न्हाई मी. पुढल्या साली मला इथवर आणणार कोण?"

मला तिचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला. कोणाचा, ते मात्र कळेना. मी कपाट तसंच उघडं टाकलं आणि तिला घेऊन परीक्षा विभागात गेले.

बाबूंनी लगेच मोबाइलवरचा फोटो उघडून दाखवला. "नोटीस तर लावली व्हती मॅडम, शिक्क्यानिशी. हे बघा." मग तिच्याकडं बघून त्यांनाच कसंतरी झालं. "पोरी, मला तरी येऊन इचारायचं."

"काय हाय तेच म्हाईत न्हाई, तर काय इचारू काका?"

बाबूंनी मोबाइल खिशात टाकला. मुदतीनंतरची परवानगी त्यांच्या हातात नव्हती. प्राचार्यच परीक्षा केंद्राचे प्रमुख होते. आम्ही तिघं त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"मुदत गेली म्हणजे गेली मॅडम," प्राचार्य म्हणाले. "एकाला सूट दिली की उद्या रांग लागते."

"सर, साइट हिला कशी ऐकू येते ते एकदा ऐका फक्त."

तिनं साइट उघडली. सगळ्यात वर प्राचार्यांचा भलामोठा फोटो आहे, गळ्यात हार घातलेला. तिचं बोट बरोबर त्याच्यावर पडलं आणि बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "पोळ्यासाठी सजवलेली बैलजोडी. चित्र." लगोलग खालची ओळ वाचली, "माननीय प्राचार्य."

बाबूंना ठसका लागला. तो ठसका खरा नव्हता. प्राचार्यांचे कान लाल झाले.

"हे कोणी केलं?"

"ते नंतर बघू सर. आधी हिच्या लेखनिकाचं."

"मी विचारतोय हे कोणी केलं!"

त्या घडीला मला माझं पुढचं सत्र आठवायला हवं होतं. नाही आठवलं. "सर, हिच्या फोनला तुम्हीही बैलजोडी आणि तुमची नोटीसही बैलजोडी. मग हिनं मुदत कोणत्या बैलाला विचारायची?"

माझी उचलबांगडी झालीच आहे, अशा नजरेनं बाबू माझ्याकडं बघत होते. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कागद ओढून काहीतरी खरडलं. "लेखनिक तुम्हीच शोधायचा. परवापर्यंत नाव द्या. आणि तो फोटो उद्याच्या उद्या नीट झाला पाहिजे."

बाहेर आल्यावर तिनं कागदावर बोटं फिरवली. "शिक्का मारला का?"

"मारला."

"मग बराबर हाय," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

लेखनिक तिच्यापेक्षा खालच्या वर्गातला हवा आणि तिचा विषय न शिकणारा हवा. सोपं वाटतं. पण ते हळद शिजवायचे दिवस होते. ज्याला फोन करावा तो शेतात कढईपाशी. कोणी म्हणालं घरचे सोडत नाहीत, कोणी म्हणालं माझीच परीक्षा आहे, एकीनं तर मॅडमचा फोन आहे हे कळताच उचललाच नाही. संध्याकाळपर्यंत माझं डोकं भणभणलं. कशाला पडले यात, असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरकड्याचं पोरगं मोटारसायकलवर आलं. माझ्यासाठी नाही, प्राचार्यांनी बोलावलं म्हणून. मनगटापर्यंत हात पिवळेजर्द, कढईवरनंच उठून आलेलं. ते लॅबमध्ये बसलं आणि मी दार लावून घेतलं.

"मॅडम, साहेबांच्या फोटोला काय लिहू?"

"काय दिसतंय?"

"साहेब."

"आणखी?"

"हार हाय. खुर्ची हाय."

"मग तेच लिही की."

पण प्राचार्यांनी त्याला आधीच आपल्या सगळ्या पदव्यांसकट एक लांबलचक ओळ सांगून ठेवली होती. त्यानं ती टाकली. फोटो नीट झाला. पोरगं उठायला लागलं तेव्हा मी त्याला बस म्हटलं आणि त्या मुलीचं सगळं सांगितलं, अगदी तिच्या बापूच्या नोकरीपर्यंत. ऐकताना ते टेबलावरची हळद बोटानं पुसत होतं, आणि पुसल्यानं ती आणखीच पसरत होती.

"मला वाटलं, ते मागचं कोण वाचतंय," ते म्हणालं.

"ती वाचते."

मग मी लेखनिकाचं विचारलं.

"माझं अक्षर लई गचाळ हाय मॅडम. आन घरी हळद पडली."

"बैल तू जुंपलेस ना? मग सोड आता तूच."

त्यानं बाहेर जाऊन घरी फोन लावला. वडिलांशी जोरजोरात वाद घालताना मला खिडकीतून ऐकू येत होता. आत आलं आणि म्हणालं, "लिहा माझं नाव."

परीक्षेला लेखनिकवाल्यांना वेगळी खोली असते, आणि तिथलं पर्यवेक्षण हमखास आम्हा तासिकावाल्यांच्या वाट्याला येतं. अर्थशास्त्राच्या पेपरला मीच होते. खोलीत आम्ही तिघंच. तो हळू आवाजात प्रश्न वाचायचा, ती सांगायची, तो लिहायचा. उत्तरपत्रिकेच्या कडेला त्याच्या बोटांचे फिकट पिवळे ठसे उमटत होते. निम्मा पेपर छान गेला. मग तो अडकला.

"एक आकृती हाय," तो म्हणाला. "आकृती पाहून उत्तर लिहायचंय."

"काय हाय तिच्यात?"

"रेघा हायेत."

"कशा?"

"वाकड्या."

ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बैल तर न्हाईत ना?"

त्यानं मान खाली घातली. मी फेरी मारताना ती आकृती बघितली होती. सांगण्यासारखी होती, अगदी सोपी होती. आधी चौकट सांग, मग नावं सांग, मग कोण कुठून निघतं आणि कुठं जातं ते सांग. वर्षभर घसा फोडून मी हेच शिकवत होते. आणि आता पर्यवेक्षक म्हणून मला एक शब्द बोलायची मुभा नव्हती. मी बोलले असते तर तिचाच पेपर धोक्यात आला असता. ओढणीचं टोक दातात धरून मी दारापाशी उभी राहिले.

"वाकड्या म्हंजी?" तिनं परत विचारलं. "नीट सांग रे. घड्याळ थांबत न्हाई."

त्यानं पेन खाली ठेवलं. हात शर्टाला पुसले. आणि प्रश्नपत्रिका डोळ्यांजवळ धरून पुन्हा सुरुवात केली. "थांब. खाली एक आडवी रेघ हाय, तिच्यावर नग लिहिलंय. डाव्या बाजूला उभी रेघ, तिच्यावर किंमत. आता मधल्या दोन. एक डावीकडं वरून निघती आन उजवीकडं खाली उतरत जाती. दुसरी डावीकडं खालून निघती आन उजवीकडं वर चढती. दोघी मधात एकमेकीला कापतात. कापतात तिथं टिंब हाय."

तिचा चेहरा एकदम सुटला. "मागणी आन पुरवठा," ती म्हणाली. "लिही."

आणि ती जी सुटली ती थांबेचना. त्याचा हात मागं पडायला लागला, दोनदा त्यानं "हळू, हळू" केलं. मी खिडकीकडं तोंड केलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि पर्यवेक्षकानं रडावं असं कुठल्या नियमात नसावं. त्यात थकवाही होता.

पेपर सुटल्यावर फाटकापाशी तिचे वडील जीप लावून उभे होते. त्यांनी विचारलं, कसा गेला. ती म्हणाली, "मी तर चांगला सांगितला. ह्यानं काय लिहिलं ते मला काय म्हाईत?" पोरगं बोटं चोळत उभं होतं. वडिलांनी त्याला जबरदस्तीनं उसाचा रस पाजला.

बाकीचे पेपरही तसेच झाले. मधल्या दिवसांत पोरानं बाबूंना फोटोखाली टाइप केलेला मजकूर चिकटवायला शिकवलं. फोटो राहिला, शिक्का राहिला, खाली मजकूर आला, त्यामुळं बाबूंनाही तकलीफ झाली नाही. आधीच्या नोटिसांमागं अजून बैल आहेत. कोण बसतंय तेवढं बदलत!

मला नव्या सत्राला बोलावलं, पण उशिरा. दुसरं कोणी मिळालं नसावं. पहिल्या दिवशी सकाळीच परीक्षा विभागावरून जात होते तर खिडकीशी ती उभी. हातात उघडलेली काठी, एकटीच. वडील पुण्याला गेलेले, ती एसटीनं आली होती. बाबू माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, गुणपत्रिका आल्याची नोटीस आत्ता तासाभरापूर्वी टाकली. अजून कोणाचा पत्ता न्हाई, आन ही हजर. हिला सांगितलं कोणी?"

"कोणी न्हाई काका," ती म्हणाली. "गुणपत्रिकेचीच चौकशी करायला निघाले व्हते. स्टँडवर उतरले, साइट उघडली. मीच वाचली."

बाबूंनी गुणपत्रिका तिच्या हातात दिली. ती पास झाली होती. तिनं मला अर्थशास्त्राचे मार्क वाचायला लावले, मग पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि कागद घडी न करता छातीशी धरून स्टँडकडं निघाली.

मी लॅबमध्ये गेले. नवी पोरं, जुने कॉम्प्युटर, यूपीएस कुईकुई करतोय. अभ्यासक्रमात पहिला धडा अजून मार्कीचाच. मी तो बाजूला ठेवला आणि फळ्यावर चित्रामागच्या ओळीचं लिहायला घेतलं. पाठमोरी होते तोवरच मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे पेपरला येतं का?"

"येतं," मी म्हटलं. "लिहा."